मेढ रोवल्यावर

फाल्गुन लागला की माझा एक पाय सारखा घराबाहेर असतो. चहा गॅसवर ठेवायचा आणि मागच्या दारात येऊन डोंगराकडे बघायचं. आत जाऊन चहा गाळायचा, कप घेऊन पुन्हा मागच्या दारात. सतीश, माझा नवरा, म्हणतो, "अगं, डोंगर कुठे पळून जाणारे का? बस ना जरा." डोंगर पळत नाही हे मलाही कळतं. पण तो पेटतो, त्याचं काय?

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची आळी आहे आणि आळीतलं शेवटचं घर आमचं. बैठं घर, वर पत्रे, मागे थोडी मोकळी जागा, मग एक पडकी भिंत आणि भिंतीपलीकडे थेट जंगल. पावसाळ्यात पाहुणे येतात, मागच्या दारात उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, "काय नशीब काढलंत हो, दारातच सगळं हिरवंगार!" मी म्हणते, मार्चमध्ये या. मार्चमध्ये तेच हिरवंगार कमरेएवढं पिवळं गवत होऊन उभं असतं. सागाची पानं इतकी वाळतात की त्यांच्यावरून उंदीर गेला तरी कोणी माणूस चालत आल्यासारखं वाटतं. काटेसावरीचा कापूस उडत येतो आणि पत्र्याच्या पन्हळीत जाऊन बसतो. कोणीतरी वर विडी टाकतं, कोणीतरी मुद्दाम गवताला काडी लावतं, आणि दुपारच्या वाऱ्यावर डोंगराच्या पाठीवर धुराची रेघ दिसते. बहुतेक वेळा ती तिकडेच विझते. बहुतेक वेळा, असं मी म्हणते आहे.

यंदाही माझी सुरुवात झालीय. पन्हळीतला पाला काढायचा, तो दोन दिवसांत परत भरतो, परत काढायचा. मागच्या भिंतीला टेकवलेल्या फळ्या, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली खोकी, मोडकं टेबल, सगळं उचलून पुढच्या बाजूला. पडक्या भिंतीपलीकडचं गवत कापून खालची माती दिसेल असा पट्टा मोकळा करायचा. पिंप भरून ठेवायचं, शेजारी गोणपाटं. वेळ आली तर ती भिजवून भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत कोंबायची, कारण आग काही दार वाजवून येत नाही. ती उडत येते आणि असल्या फटीतून आत शिरते. सिलिंडर कुठून बाहेर न्यायचा हे मी सतीशकडून दर वर्षी पाठ करून घेते. तो वैतागून सांगतो, पण सांगतो.

शेजारच्या मंगलवहिनी ओट्यावर लसूण सोलता सोलता हे सगळं बघत असतात. "काय गं, होळी यायच्या आधीच तुझा शिमगा सुरू?" असं दर वर्षी एकदा तरी म्हणतात. त्यांना बोलायला काय जातं! त्यांचं घर माझ्या घराच्या खालच्या बाजूला आहे. आधी माझं जाईल, मग त्यांना पळायला वेळ मिळेल.

आणि या सगळ्या गडबडीत मागच्या मोकळ्या जागेत, भर उन्हात, खुर्ची टाकून अण्णा बसलेले असतात. अण्णा म्हणजे माझे सासरे. मालवणकडचे. आधी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर वॉचमन झाले, आता नुसते अण्णा आहेत. मुंबईत अख्खं आयुष्य गेलं तरी दूधवाल्या भैयाशीसुद्धा मालवणीत बोलतात आणि तो बिचारा बरोबर एक लिटर देऊन जातो. डोक्यावर पंचा, हातात काठी, तोंड डोंगराकडे. मी ओरडते, "अण्णा, चक्कर येईल हो उन्हात! आत या." ते म्हणतात, "येतंय, येतंय," आणि येत नाहीत. सतीश म्हणाला, हिरवी जाळी लावून देतो वर. नको म्हणाले. पत्रा टाकू? नको. त्या जागेवर काही म्हणून बांधायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलंय.

पूर्वी तिथे दर वर्षी मांडव असायचा.

मी घाटकोपरच्या चाळीत वाढलेली. मला कोकणातलं काही माहीत नव्हतं. लग्न होऊन आले त्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या अण्णांनी मागची जमीन चोपायला घेतली तेव्हा मला वाटलं, फरशी बसवणार असतील. कसली फरशी! तबेल्यातून शेण आणलं, सारवलं, आणि म्हणाले, "ह्या आमचा खळा." मग बांबू रोवले, वर नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं टाकली आणि काथ्याने सगळं करकचून बांधलं. गावाला प्रत्येक घरापुढे असा मांडव घालतात, पाऊस संपला की घालायचा आणि मिरगाच्या आधी उतरवायचा. आमच्या पुढच्या बाजूला गल्ली, म्हणून अण्णांचं खळं मागे, डोंगराच्या तोंडाशी. मांडवाचं एक टोक घराच्या वाशांना बांधलेलं असायचं.

आता विचार केला तर अंगावर काटा येतो. वाळून खडखडीत झालेली नारळाची झापं, घराला चिकटून, जंगलाच्या कडेला, ऐन उन्हाळ्यात! पण त्या वेळी कोणाच्या डोक्यात आलं? कोकणी माणूस गावाहून कुठेही राहायला गेला की गाव बरोबर घेऊन जातो आणि इथली जमीन वेगळी, इथला वारा वेगळा, हे बघतच नाही. आणि खरं सांगायचं तर त्या मांडवाची आम्हाला चटक लागली होती. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत गार सावली, झापांचा तो गोडसर वास, सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे लहान लहान ठिपके. माझी तन्वी त्या ठिपक्यांवर बोट ठेवत ठेवत रांगायला शिकली. दहावीचा अभ्यास तिने तिथेच केला. पाटी-पुस्तकं, लोणच्याच्या कैऱ्या, शेजारणींच्या गप्पा, सगळं मांडवात.

अण्णांच्या गाठी मात्र भयंकर. एका गाठीवर दुसरी, तिच्यावर आणखी एक. उतरवताना सुटायच्या नाहीत, कोयत्याने कापायला लागायच्या. एकदा मी म्हटलं, "अहो अण्णा, मांडव बांधताय की चोर बांधताय?"  काथ्या ओढता ओढता अण्णांनी त्यांच्या धाकट्या बहिणीची, शालूआत्याची गोष्ट सांगितली. तिच्या लग्नाचा मांडव अण्णांनी बांधला होता, मिसरूड फुटायच्या वयात, मोठ्या हौसेने. हळदीच्या दिवशी वारा सुटला आणि मांडव बसला खाली. कोणाला लागलं नाही, लोकांनी परत उभा केला, लग्न झालं. पण वर्ष पुरं व्हायच्या आत शालूआत्याचा नवरा होडी उलटून गेला आणि ती कायमची माहेरी परत आली. "मेढ रवल्यार माटव पडूचो नाय गो," अण्णा म्हणाले. "माझी गाठ ढिली ऱ्हवली."

मेढ म्हणजे लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब. मुहूर्त बघून रोवायचा, हळदकुंकू वाहायचं, आंब्याची डहाळी बांधायची. एकदा ती रोवली की लग्न लागेपर्यंत मांडवाला धक्का लागता कामा नये. मी दवाखान्यात रिसेप्शनला आहे, दिवसभर लोकांच्या हातात रिपोर्ट देते. कोणाला काय निघतं आणि कोणाला नाही, त्याचा मांडवाबिंडवाशी काही संबंध नसतो हे मला पक्कं माहीत आहे. पण शालूआत्या त्यांची सख्खी बहीण होती. मी काथ्याचं दुसरं टोक ओढून धरलं.

तन्वीचं लग्न ठरलं ते फाल्गुनातच. मुलगा बोरिवलीचा, निखिल, शांत, जरा जास्तच शांत. लग्न हॉलमध्ये, पण हळद घरी, मांडवातच, यावर अण्णा अडून बसले आणि तन्वी, म्हणजे त्यांचं चेडू, त्यांची लाडकी पोरगी, त्यांच्या बाजूने. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी उभ्या मांडवातच मेढ रोवली. ओल्या उंबराची. अण्णांनी तिला नमस्कार केला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, "पुरे आता, चहा गार होतोय," म्हणून त्यांना आत नेलं.

दुपारी सतीश हार आणायला दादरला गेला होता. घरात मी, तन्वी आणि अण्णा. तन्वीच्या हातात नुकताच भरलेला हिरवा चुडा, तो वाजवत ती इकडून तिकडे करत होती. मी डब्यात लाडू भरत होते. आणि लाडवावर एक काळं काहीतरी येऊन पडलं. मी फुंकर मारली, तर ते पसरलं. वर बघितलं तर मागच्या दारातून तसलंच काळं काळं आत येत होतं. जळलेलं गवत! मी धावत बाहेर गेले. डोंगराच्या अर्ध्यावर जाळाची लांबच लांब ओळ आणि वारा सगळा आमच्याकडे. इतकी वर्षं ती आग मी डोंगराच्या पाठीवर बघितली होती, त्या दिवशी ती डोंगराच्या पोटावर होती. आणि आवाज! आगीला इतका आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

मग काय काय केलं ते मला आजही तुकड्या तुकड्यांत आठवतं. मंगलवहिनी धावत आल्या, आळीतल्या बायका कळश्या घेऊन आल्या. दोरीवरचे कपडे ओढले, सिलिंडर काढून गल्लीत नेला, खिडक्या लावल्या. लाडवांच्या पिशव्यांखालची गोणपाटं उपसून पिंपात बुचकळली आणि फटींत कोंबली. तोंड चालू होतं, कोणाला काय बोलत होते देव जाणे. अग्निशमनची गाडी खाली मोठ्या रस्त्यावर आली होती, पण आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा अंग चोरून येते, म्हणून ते लोक पाइप ओढत ओढत वर येत होते. तेवढ्यात जंगल खात्याचा एक माणूस पडक्या भिंतीवरून उडी मारून आमच्या खळ्यात उतरला. तोंड काळं, डोळे लाल. त्याने मांडवाकडे बघितलं आणि ओरडला, "ओ ताई, हे आधी पाडा! ठिणगी पडली तर याच्यासकट घर जाईल तुमचं. मागे आळी आहे अख्खी!" आणि तो गेला दुसऱ्या घराकडे.

मी कोयता आणायला वळले तर अण्णा मेढीला पाठ लावून उभे.

"माटव उतरूचो नाय," ते म्हणाले.

"अण्णा, अहो, आग येतेय!"

"येवंदे. पाणी मारा वर. मेढ रवली हा. डोक्या ठिकाणार आसा मा तुझा?"

मी ओरडले, हाताला धरून ओढलं, नाही नाही ते बोलले. म्हातारा हलेना. आळीतल्या बायका कळश्या घेऊन नुसत्या उभ्या. एकीनेही झापाला हात लावला नाही, कारण सगळ्या अण्णांसारख्याच, कोकणातल्या. मेढ रोवलेला मांडव कोण पाडणार? मंगलवहिनी, ज्या एरवी कोणाच्या बापाला ऐकत नाहीत, त्यासुद्धा म्हणाल्या, "अगं, पण मेढ..." वरून काळी पिसं पडत होती, एकदोन अजून लाल होती, आणि आम्ही दहा बाया तिथे मुहूर्त मोडावा की मोडू नये असा विचार करत उभ्या होतो. मी घाटकोपरची, मला काय पडलंय, असं म्हणून मी पुढे झाले असते, असं मला नेहमी वाटतं. पण लग्न माझ्या पोरीचं होतं. माझाही पाय उचलला नाही.

तन्वी आतून आली. हातात कोयता. स्टूल घेतलं, मांडवाच्या घराकडच्या टोकाला लावलं, वर चढली आणि अण्णांच्या गाठीवर घाव घातला. चुडा खळखळ वाजला.

"तन्वी, उतर खाली!" अण्णा ओरडले.

"आजोबा, मांडव कोणाच्या लग्नाचा आहे? माझ्या ना? मग मी काढते. घरच राहिलं नाही तर मला सासरी पाठवणार कुठून तुम्ही?"

दुसरा घाव. गाठ तुटली नाही. अण्णांची गाठ ती, एका घावाला कशी तुटेल! तिच्या हाताला कोयता पेलवत नव्हता. आणि मग अण्णा मेढ सोडून पुढे आले. मला वाटलं, तिला खाली ओढणार. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "दी तो कोयतो हय. चेडवान आपलो माटव आपल्या हातान मोडूचो नाय." तिच्या हातातून कोयता घेतला, तिला खाली उतरवलं आणि स्वतः स्टुलावर चढले. चढता चढता, कोणाला उद्देशून कोण जाणे, मोठ्याने म्हणाले, "दोष लागलो तर माका लागांदे. ह्या चेडवाक नको. ऐकलंस मा?"

आणि त्यांनी गाठी तोडल्या. एकेक, बरोबर जिथे घाव घालायचा तिथे. झापं खाली कोसळली तशा बायका तुटून पडल्या. ओढत ओढत गल्लीतून खाली नेली, बांबू उपटले. तोपर्यंत भिंतीपलीकडचं गवत पेटलं होतं आणि ठिणग्यांचा पाऊस आमच्या खळ्यात पडत होता. त्या सारवलेल्या मोकळ्या जमिनीवर पडायच्या, थोडा वेळ लाल राहायच्या आणि विझायच्या. आम्ही कळश्या ओतत होतो. मग पाइप आला, पाण्याचा जोर आला, आणि जाळ भिंतीवर येऊन थांबला. भिंतीचा काळा डाग अजून आहे. मेढ तेवढी उभी राहिली होती, एकटीच, आंब्याची डहाळी करपलेली.

दुसऱ्या दिवशी हळद झाली ती उघड्या खळ्यात. चौघीजणींनी तन्वीच्या डोक्यावर साडी धरली होती. हळदीच्या वाटीत राख पडत होती आणि आम्ही ती बोटाने काढत होतो. पोरगी हसत होती. अण्णा एका कोपऱ्यात बसून तिच्याकडे बघत होते आणि त्यांचं तोंड कसल्यातरी मोठ्या दुखण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखं झालं होतं.

मला वाटलं होतं, विसरतील. कसले विसरतात! त्याच पावसाळ्यात गल्लीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तर माणूस वेदनेने पांढरा पडलेला आणि चेहरा खुशीत. "बरा झाला गो," म्हणाले, "माझ्यार इलो." मला आधी कळेचना. दोष तन्वीवर न जाता आपल्यावर आला म्हणून ही खुशी, हे कळलं तेव्हा हसावं की रडावं ते समजेना. मग एका डोळ्याने दिसेनासं झालं, तेही आनंदाने. कुत्रा चावला, आनंदाने. बाजारात खिशातून मोबाइल गेला तर शेजाऱ्याच्या फोनवरून तन्वीला कळवलं, अगदी ऐटीत, की बघ, तुझ्यावरचं आणखी थोडं फिटलं. ती हसून म्हणायची, "आजोबा, अहो चोरीला गेलेला मोबाइल दोषात कसा धरता?" ते म्हणायचे, सगळं धरायचं. तन्वीच्या घरी तिकडे चार घरांत होतं तसंच. निखिलशी भांडणं, समेट, पुन्हा भांडणं. तिच्या प्रत्येक भांडणाला अण्णा एक दुखणं काढायचे.

मग तन्वीला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेलं. मी तिच्याजवळ बोरिवलीला राहून परत आले तर अण्णा जेवत नव्हते. खळ्यात बसले होते आणि म्हणाले, "माझ्या हातातसून सुटलो गो तो." त्या दिवशी मी त्यांना खूप बोलले. म्हटलं, दवाखान्यात रोज बघते मी, कितीतरी बायकांचं असं होतं, त्यांनी काय मांडव पाडले होते? माझ्या पोरीच्या दुःखाला तुमच्या झावळ्या कशाला चिकटवता? माझा राग खरा होता. पण भांडी घासताना माझ्याच डोक्यात आलं की मेढ तेवढी राहिली होती, म्हणजे मांडव पडला असं मोजायचं की नाही? आणि मग मी स्वतःवर चिडून कढई इतकी आपटली की सतीश बघायला आला.

आता तन्वीचे पुन्हा दिवस भरत आलेत. सगळं नीट आहे, डॉक्टर खूश आहेत. आणि इकडे अण्णा थंडीत न्यूमोनियाने हॉस्पिटलात होते ते घरी आले, पण अर्धेच आलेत असं वाटतं. झोपत नाहीत. दुपारचे डोळे मिटत नाहीत. डुलकी लागली की दचकून उठतात आणि मागच्या दाराकडे बघतात. मला वाटायचं, आगीची भीती. मी म्हणायचे, "अहो, मी आहे ना. पट्टा कापलाय, पाला काढलाय." ते मान हलवायचे आणि जागेच राहायचे.

आज दुपारी डोंगराच्या पाठीवर पुन्हा रेघ दिसली. बारीक, पांढरी. मी झाडू टाकून बघत उभी राहिले. ती थोडी वर गेली, वाकली आणि हळूहळू पुसली गेली. मी श्वास सोडला. पन्हळीतला पाला काढायला शिडी आणायला वळले तर अण्णांनी काठीने जमिनीवर टकटक केलं.

"हय ये गो."

गेले. त्यांनी विचारलं, "तन्वीचा कधी?"

"पुढच्या महिन्यात. काल सांगितलं ना."

"तोपर्यंत मी ऱ्हवाक होया."

"राहाल हो. तुम्हाला काय धाड भरलीय?"

"आणि नाय ऱ्हवलंय तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, चांगल्या डोळ्याने. "मी गेल्यार तो खंय जातलो?"

तो म्हणजे कोण, हे मला आता पाठ होतं.

"तेका मी सांगलंय, हयच ऱ्हव म्हणान. इतकी वरसा ऱ्हवलो. पण ह्या हाडामासाचा घरच पडला तर तो थंय कसो ऱ्हवतलो? तो परतून तिच्याकडेच जातलो."

म्हणजे म्हातारा झोपत नव्हता तो यासाठी! झोपेत जीव गेला तर? दोष मोकळा सुटेल, डोंगर उतरून बोरिवलीला जाईल आणि माझ्या तन्वीच्या दारात उभा राहील, म्हणून हा माणूस पापणी मिटत नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाशी सगळं भाषण तयार होतं, दवाखाना, रिपोर्ट, सगळं. आणि मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. काठीवर दोन्ही हात घट्ट आवळलेले. या हातांनी माझ्या पोरीच्या हातातून कोयता घेतला होता, जेव्हा मी, तिची आई, दहा पावलांवर उभी राहून बघत होते.  मग मी हात पुढे केला.

"द्या इकडे."

"काय?"

"तोच. दोष. माझ्याकडे द्या. मी काही इतक्यात मरत नाही."

 "तुझो तेच्यार इश्वास तरी आसा काय?"

"नाही. म्हणून तर बरंय. माझ्याकडे त्याला कोणी विचारणार नाही, गप पडून राहील कोपऱ्यात."

ते विचारात पडले. खरोखर विचारात, बाजारात मासळी घेताना पडतात तसे. "असो कोण देता काय?"

"तुम्ही तन्वीकडून कसा घेतलात? तसाच."

मागच्या दाराच्या आत खिळ्याला तो कोयता अडकवलेला आहे. त्या दिवसापासून कोणी वापरत नाही. गवत कापायलासुद्धा मी दुसरा आणला. तो काढला, पुसला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, त्यालाच सांगत असावेत, नवीन घराचा पत्ता. मग माझ्या हातात दिला.

"बघ हां," म्हणाले. "जड आसा."

"तुमच्या मुलाचा संसार ओढतेय इतकी वर्षं. याचं काय घेऊन बसलात!"

ते हसले, हसता हसता खोकले, आणि स्वतःहून म्हणाले, "आत घेऊन चल. ऊन लागता." खाटेवर आडवे झाले आणि मी चादर ओढेपर्यंत घोरायला लागले. तोंड उघडं, काठी खाली पडलेली, बिनधास्त.

मी कोयता खिळ्याला लावला. पन्हळीत अजून पाला होता, म्हणून शिडी लावली. ही शिडी मी दर वर्षी फाल्गुनभर चढते, एका हातात झाडू, तोंडाने बडबड, खाली न बघता. आज पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. शिडी हलवून बघितली. ओढणी कमरेला खोचली. खाली उतरले आणि आत टीव्ही बघत बसलेल्या सतीशला हाक मारली.

"अरे, जरा ये रे इकडे. शिडी धर. मला आता पडून चालणार नाही."